चिठ्ठी माझीच होती

फेब्रुवारीतली दुपार. बाकावर शेवटचं एकच पेशंट उरलेलं: दुसरीतला मुलगा आणि त्याची आई. आईनं शाळेची वही पुढे केली. बाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं, ‘लक्ष देत नाही, मुलांना चावतो. पालकांनी भेटावे.’

“आधी असं नव्हतं मॅडम. आता लई चिडचिड करालंय लेकरू. रात्री किंचाळत उठतंय, मला वळखत नाही. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या, तरी तेच.”

मुलगा तोंड उघडं टाकून बसला होता. दर दोन मिनिटांनी तळहातानं नाक खालून वर घासायचा. त्या घासण्यानं नाकाच्या शेंड्याच्या वर आडवी रेघ पडलेली, डोळ्यांखाली काळं. अ‍ॅलर्जीची सर्दी ओळखायला यापेक्षा जास्त लागत नाही. घर सोलापूरच्या पूर्व भागात, खाली यंत्रमाग, वर हे राहतात. आई घरीच विड्या वळते. सुताची तूस, तंबाखूची भुकटी, आणि पांघरायला वर्षानुवर्षांची जाड चादर, म्हणजे धुळीतल्या किड्यांचं माहेरघर.

नाक चोंदलं की झोप तुटते, आणि झोप न झालेलं लहान मूल जांभया देत बसत नाही, दंगा करतं. पोराला द्वाड म्हणण्याआधी रात्री त्याचा श्वास ऐका, हे माझं नेहमीचं भाषण. तेच सुरू करणार, तेवढ्यात जुनी फाइल उघडली.

दिवाळीच्या आठवड्यातली चिठ्ठी. अक्षर माझं. माँटेलुकास्ट आणि लिव्होसिट्रिझिनची अ‍ॅलर्जीवरची गोळी, रोज रात्री, एक महिना. यातलं माँटेलुकास्ट दम्यालाही देतात. शिंका थांबल्या म्हणून यांनी त्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या आणणं चालूच ठेवलं होतं.

“किंचाळणं कधीपासून?”

“दिवाळी झाली की लगेच.”

मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, माँटेलुकास्टवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला: भयानक स्वप्नं, आक्रमकपणा, नैराश्य, आत्महत्येचे विचारसुद्धा. नुसत्या अ‍ॅलर्जीच्या सर्दीला, दुसरी औषधं लागू पडली नाहीत तरच द्या, असंही सांगितलं. मी ते वाचलं होतं. चिठ्ठी लिहिताना आईला त्यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

आता सांगितलं. ती गप्प राहिली, मग म्हणाली, “म्हणजे दृष्ट गोळीची होती की!” आणि हसली. मला हसू आलं नाही.

दमा नव्हता, त्यामुळे गोळी लगेच बंद केली. नाकाचा स्टेरॉइड स्प्रे दिला आणि धरायचा कसा ते दाखवलं: स्प्रेचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या कानाकडे. चादरी कडक गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवायच्या आणि विड्या झोपायच्या खोलीत वळायच्या नाहीत. ऊन सोलापुरात मागावं लागत नाही.

तीन आठवड्यांनी आले तेव्हा किंचाळणं थांबलं होतं. चावणंही. वर्गातली चुळबुळ कमी झाली, गेली नाही. तोंड अजून उघडंच होतं, म्हणून अ‍ॅडेनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, वाढलीय का ते बघायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोळीचं किती आणि झोपेचं किती, मला वेगळं काढता येणार नाही. दोन्ही एकदमच बदललं.

पण त्या फेब्रुवारीच्या संध्याकाळी सिस्टरला घेऊन फायली काढल्या. हीच गोळी चालू असलेली अकरा मुलं निघाली. एकेकाच्या घरी फोन लावून झोपेची चौकशी केली. तिसऱ्या घरी वडिलांनी उचलला.

“झोपतोय की. पण महिना झाला, दिवा घालवू देईना. तुम्हाला कसं कळलं, मॅडम?”