लेकीच्या खाटेशेजारची वही

गेल्या पावसाळ्यात आमच्या चार वर्षांच्या लेकीला डेंग्यू झाला आणि तिला रुग्णालयात दाखल करावे लागले. केसपेपरवर तिचे वजन 18 किलो लिहिलेले पाहून मी चमकले, कारण आठवड्यापूर्वीच दवाखान्यात ते 14 किलो भरले होते. मुलांच्या औषधाची मात्रा आणि सलाईनचा वेग हे दोन्ही वजनावरून ठरतात, हे मला ठाऊक होते. तरीही सांगताना जीभ अडखळली. डॉक्टरांना शिकवल्यासारखे वाटेल, अशी भीती होती. सिस्टरनी मात्र तिला लगेच काट्यावर उभे केले, आकडा दुरुस्त केला आणि म्हणाल्या, "ताई, असं काही दिसलं की लगेच सांगत जा." मग त्यांनीच मला वही ठेवायला सांगितले. पाणी किती प्यायली, लघवी किती वाजता झाली, उलटी झाली का, सुईची जागा सुजली आहे का, हे सगळे मी वेळेसह लिहू लागले.

पाचव्या दिवशी ताप उतरला. घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि मलाही हायसे वाटले, पण सिस्टरनी बजावले की डेंग्यूत खरी काळजी ताप उतरल्यावरच घ्यायची असते. आम्ही सारे प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसलो होतो. पोटदुखी, सततची उलटी, गार हातपाय, कमी होणारी लघवी आणि मुलाचे मलूल पडणे ही लक्षणे तितकीच महत्त्वाची असतात, हे तेव्हा कळले.

त्याच रात्री दोन वाजता तिचे पाय गार लागले. वहीत पाहिले तर सहा तास लघवीची नोंदच नव्हती. सकाळच्या राऊंडची वाट न पाहता मी सिस्टरना उठून बोलावले. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी नाडी आणि रक्तदाब पाहिला, रक्त तपासले. रक्तातला द्रव वाहिन्यांबाहेर झिरपल्याने ते घट्ट झाले होते. सलाईनचा वेग वाढवला आणि दर तासाला तपासणी सुरू झाली. पहाटे पाचला लेकीने "आई, शू" म्हटले, तेव्हा वेळ लिहिताना माझे हात थरथरत होते.

सकाळी ड्यूटी बदलताना सिस्टरनी माझी वही मागून घेतली आणि नव्या सिस्टरना रात्रीच्या सगळ्या नोंदी माझ्यासमोरच वाचून दाखवल्या.