बरड टेकडी ते नाला: देशी-परदेशी झाडांची यंदाची नोंद

अजिंठा रांगेचे फाटे बुलडाणा जिल्ह्यात उतरतात तिथे, लोणार-मेहकरच्या बाजूला, ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराऊ जमिनीच्या, बरड टेकड्या आणि त्यांच्यामधली अरुंद खोरी आहेत. ही नोंद तसल्याच एका टेकडीची आणि तिच्या पायथ्याच्या नाल्याची आहे. खाली काळा बेसाल्ट, वर वीतभर मुरूम. पाऊस जून ते सप्टेंबर, तोही बराचसा उतारावरून वाहून जाणारा. पुढचे सात-आठ महिने कोरडे आणि मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या वर. नकाशावर हे वाळवंट नाही, पण वीतभर मुरमात मुळं असलेल्या रोपाचा उन्हाळा वाळवंटापेक्षा फार वेगळा नसतो. म्हणूनच मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या कोरड्या मुलखातली घायपात, फड्या निवडुंग, पिवळा धोतरा आणि वेडी बाभूळ इथे सहज रुजली.

नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी मुद्दा आधीच सांगून ठेवतो. परदेशी झुडूप काढलं आणि त्याच पावसात तिथे गवत पेरलं नाही, तर ती जागा दुसऱ्या परदेशी झुडपाला आयती मिळते. यंदाच्या साऱ्या नोंदी फिरून फिरून तिथेच येतात.

कोण कुठे उभं आहे

माथ्यावर सालई, धावडा, मेडशिंग, मधूनमधून अंजन. उघड्या खडकाच्या भेगांत माकडशिंगी आणि रानकांदा. उतारावर पळस, खैर, हिवर, बोर, हिंगण. मोकळ्या जागी कुसळी, पवन्या आणि शेडा ही गवतं. पायथ्याच्या काळ्या मातीत बाभूळ आणि मारवेल. नाल्याकाठी करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन आणि सिंदी.

परदेशी झाडांनीही आपापले पट्टे धरले आहेत. पळसाच्या सावलीच्या कडेला घाणेरी, म्हणजे आपल्याकडची रायमुनिया. पायथ्याला जनावरांच्या वाटेने वेडी बाभूळ. ओल्या काठाला बेशरम. रस्त्याकडेला आणि पडीत वावरात गाजर गवत. जिथे माती नुकतीच उकरली गेली आहे तिथे रानतुळस. यात योगायोग काही नाही. घाणेरीची फळं बुलबुल आणि साळुंक्या खातात आणि बसल्या झाडाखाली बी टाकतात. वेडी बाभळीच्या गोड शेंगा गुरं-शेळ्या खातात, बी शेणा-लेंड्यांतून पडतं. त्यामुळे काम कुठून सुरू करायचं हे पक्षी कुठे बसतात आणि गोठाणाची वाट कोणती, यावरून ठरवावं.

तोडण्याआधी ओळख

सगळ्यात जास्त घोटाळा काटेरी झाडांत होतो, आणि त्यात खैर नाहक जातो. फूल-शेंग नसताना काटे बघा. वेडी बाभळीचे काटे सरळ, पानाच्या बेचक्यात, बहुधा जोडीने. शमीचे काटे आखूड आणि बुडाला रुंद, दोन पानांच्या मधल्या फांदीवर विखुरलेले. खैराचे जोडकाटे आकडीसारखे वाकलेले. देशी बाभळीचे काटे पांढरट, लांब, सरळ. हिवराची साल फिकट पिवळसर-पांढरी असल्याने तो लांबूनही ओळखू येतो.

फुला-शेंगांच्या दिवसांत शंका उरत नाही. बाभळीला पिवळे गोल गोंडे आणि प्रत्येक बीपाशी आवळलेली करडी शेंग. हिवराला फांद्यांच्या टोकांना पांढुरक्या गोंड्यांचे मोठे घोस. वेडी बाभळीचा फुलोरा लांबट, हिरवट-पिवळा. शेंग पिकली की पिवळी, चपटी, गोड. खैराचा फुलोराही लांबटच, म्हणून नुसत्या फुलावर जाऊ नये. त्याची शेंग पातळ आणि तपकिरी असते.

दुसरा घोटाळा निवडुंगाचा. फड्या निवडुंग अमेरिकेतून आला; काटेरी थोर इथलाच. दोघांनाही लोक निवडुंगच म्हणतात. टोकाला हलकं खरचटून बघा: पांढरा चीक आला तर थोर, नुसतं पाणी आलं तर फड्या. चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, तेव्हा वाऱ्याकडे तोंड करून हे करू नये. थोर काढायचा नाही. त्याच्या आडोशाला शेळीपासून वाचलेली बोर-हिंगणाची रोपं हमखास सापडतात.

घाणेरी

वरून तोडलेली घाणेरी दुप्पट फुटव्यांनी येते, कारण फुटव्याचे डोळे खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या गाठीत असतात. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली पद्धत इथल्या मुरमातही चालते. आधी झुडपाचा घेर टोंगळ्याइतका, म्हणजे गुडघ्याएवढा, उरेल असा छाटून घ्यायचा. मग बुडाभोवतीची माती टिकासाने सैल करून जमिनीखाली ३ ते ५ सें.मी.वर मुख्य मूळ तोडायचं. झुडूप उचलून उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. गाठ मातीला टेकली नाही तर पावसातही ती वाळते. टेकली तर पुन्हा रुजते, म्हणून रास खडकावर करावी.

वेळ महत्त्वाची. उन्हाळ्यात मुरूम इतका कडक असतो की मूळ आत तुटण्याऐवजी वरच निसटतं. पहिले दोन चांगले पाऊस झाले की माती सुटते आणि नवी फळंही धरलेली नसतात. तो पंधरवडा सोडू नये. काळी फळं धरलेली झुडपं काढावीच लागली, तर फांद्या गोणपाटात बांधूनच खाली आणाव्यात. ओढत नेल्या की सगळ्या उतारावर पेरणी होते.

पहिल्या वर्षी पळसाखाली घाणेरीची रोपं दाट उगवतात. बी आधीच मातीत असतं. श्रावणात बोटभर उंचीची असतानाच उपटावीत, ओल्या मातीतून मुळासकट येतात. असं दोन-तीन पावसाळे करावं लागतं.

वेडी बाभूळ आणि बेशरम

१८७७ च्या सुमारास सरपणासाठी आणि ओसाड जमीन झाकण्यासाठी भारतात आणलेली वेडी बाभूळ आज लोणारच्या विवरातही ठाण मांडून आहे. तोडण्याचं तत्त्व घाणेरीचंच, पण खोली जास्त. बुंध्याभोवती चर खणून सब्बलने मूळ उघडं करायचं आणि जमिनीखाली २० ते ३० सें.मी.वर तोडायचं. जमिनीलगत तोडलेल्या खुंटातून पाच-सहा सोट फुटतात आणि पुढच्या खेपेला काम अवघड होतं. मनगटाहून जाड झाड एका माणसाने घेऊ नये. काटा साध्या रबरी चपलेतून आरपार जातो, जखम सुजते. टायरची चप्पल किंवा जाड तळाचा बूट हवा.

शेंगा चैत्रापासून पिकू लागतात, म्हणून तोड माघ-फाल्गुनात उरकलेली बरी. बी मातीत अनेक वर्षं जिवंत राहतं. तोडलेल्या फांद्यांवर शेंगा नाहीत याची खात्री करून त्याच फांद्यांचं कुंपण पेरलेल्या पट्ट्याभोवती घालायचं. शेळीला अडवायला याहून स्वस्त काही नाही.

बेशरमचा प्रत्येक पेराचा तुकडा रुजतो. ती पावसाआधी, नाला कोरडा असताना मुळासकट काढून उन्हातल्या खडकावर टाकावी. वाहत्या पाण्यात तोडली की खालच्या गावापर्यंत लागवड होते. शेळ्यांना ती विषारी आहे, ओला ढीग उघडा ठेवू नये.

या कामासाठी ई-क्लासवर ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. अभयारण्याच्या किंवा वनखात्याच्या हद्दीत त्यांच्या परवानगीशिवाय काडीलाही हात लावू नये, झाड परदेशी असलं तरी.

गवत: खरं काम इथे आहे

यंदा उताराचा जो पट्टा घाणेरी काढल्यावर आठवड्याच्या आत पेरला, तिथे भाद्रपदात पवन्या-मारवेल टोंगळ्याला लागत होतं आणि रानतुळस तुरळक होती. शेजारचा न पेरलेला पट्टा मुद्दाम तसाच ठेवला होता. तिथे आधी तरोटा आला आणि मग रानतुळशीने जमीन पार झाकली. माती तीच, पाऊस तोच, उतार तोच.

बी गोळा करण्याची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. कणसं तळहातावर चोळली की सहज झडतात तेव्हा बी तयार असतं. हिरवी कापली तर नुसता भुसा हाती लागतो. बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवावं, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. कुसळी आणि पवन्याचं ताजं बी काही महिने झोपेत असतं, लगेच पेरलं तर उगवत नाही. पुढच्या जूनपर्यंत ठेवलेलं बी म्हणूनच चांगलं चालतं.

एकरी २ ते ३ किलो बी पुरतं. नुसतं फेकलं तर वारा आणि मुंग्या नेतात. एक भाग बी, एक भाग चाळलेलं शेणखत, तीन भाग नाल्याची गाळाची माती आणि एक भाग रेती यांच्या बोराएवढ्या गोळ्या करून सावलीत वाळवाव्यात. गोळीत पाणी जास्त झालं तर बी आतच मोड घेतं आणि वाळताना मरतं. मूठ दाबल्यावर गोळी टिकेल, पण पाणी सुटणार नाही इतकीच ओल हवी. दाताळ्याने उताराला आडव्या रेघा ओढून गोळ्या त्यांत टाकायच्या. वर मातीचा थर १ सें.मी.हून जास्त नको. बारीक बी खोल गेलं की उगवत नाही, आणि बहुतेक पेरण्या फसतात त्या इथेच.

रानतुळस फुलण्याआधी, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत उपटावी. एकदा बोंडं धरली की हलवतानाच बी सांडतं.

दोन पावसाळे चराई बंद हवी. गावाला हे पटवायचं तर गवत कापून नेऊ द्यावं, पण बी झडल्यावर आणि बुडाशी चार बोटं ठेवून. जिथे पवन्या-शेडा आधीच दाट आहे तिथे ६० बाय ३० सें.मी.चे समतल चर खणू नयेत, असं आमचं ठाम मत आहे. जितं गवत पाणी अडवतंच. उकरलेली माती मात्र रानतुळशीला आमंत्रण ठरते. चर उघड्या, गवत नसलेल्या उतारावर शोभतात.

झाडांचं बी

अंजनाच्या चपट्या शेंगा एप्रिल-मेमध्ये वाऱ्यावर उडून येतात. ताजं बी २४ तास साध्या पाण्यात भिजवून थेट जागेवर लावावं. सोटमूळ फार वेगाने खाली जातं, पिशवीत ते वेटोळं घालतं आणि झाड पुढे कायमचं अशक्त राहतं. पहिली काही वर्षं वरचा शेंडा उन्हाळ्यात वाळतो आणि पावसात बुडातून नवा येतो. मेलं समजून उपटू नये.

पळसाच्या शेंगा जूनच्या तोंडाशी गोळा करून लगेच लावाव्यात. मोहाची टोळं पिकली की बी आठ-पंधरा दिवसांत जमिनीत गेलं पाहिजे, साठवलेलं उगवत नाही. बाभूळ आणि हिवराला पाणी उकळून, विस्तवावरून उतरवून मग त्यात बी टाकायचं आणि २४ तास तसंच निवू द्यायचं. विस्तवावर असताना टाकलं तर बी शिजतं. शेळ्यांच्या वाड्यातून वेचलेलं बाभळीचं बी या खटाटोपाशिवाय उगवतं. खैराला साधं पाणी पुरे, पण भोक पडलेलं किडकं बी आधी वेगळं काढावं. तरंगणारंही टाकून द्यावं. सगळ्यांनाच खोली बियाच्या जाडीच्या दुप्पट.

धावड्याचं बहुतांश बी पोकळ निघतं. त्याच्या आणि सालईच्या बाबतीत आपसूक आलेली रोपं शोधून त्यांना काट्यांचं कुंपण करणं, हेच फळाला येतं.

जी राहू द्यायची

चिंच आफ्रिकेतून आली, सीताफळ अमेरिकेतून. चिंच हात लावू नये अशीच. सीताफळ उतारावर दाटी करतं आणि शेळी त्याला तोंड लावत नाही, म्हणून गवताच्या पट्ट्यात शिरलेलं काढावं. धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, राहू द्यावं. गिरीपुष्प धुऱ्यावर हिरवळीच्या खतासाठी ठीक, टेकडीवर नव्याने लावू नये.

फड्या निवडुंगावर पांढरा कापशी थर दिसला तर तो कोचिनीलचा किडा आहे. १९२६ मध्ये श्रीलंकेतून तो फड्या आटोक्यात आणण्यासाठीच आणला गेला. तिथे कुऱ्हाड चालवायची गरज नाही. गाजर गवतावरचा भुंगेरा, झायगोग्रामा, मूळ मेक्सिकोचा. १९८४ मध्ये भारतात सोडला. तो पावसाळ्यात पानं फस्त करतो, पण उन्हाळ्यात मातीत दडतो, त्यामुळे नाल्याकाठी बारमाही ओलीवरचं गाजर गवत हातानेच, हातमोजे आणि तोंडाला रुमाल बांधून, फुलण्याआधी उपटावं.

नोंद ठेवायची कशी

गवताला १ बाय १ मीटर, झुडपांना ५ बाय ५, झाडांना १० बाय १० मीटरचा चौकोन. कोपऱ्यांना दगड पुरून चुना लावायचा. लाकडी खुंट्या सरपणात जातात. फोटो दर वेळी त्याच दगडावरून, त्याच दिशेने. नमुना दाबताना एक तरी पान उलटं ठेवावं, आणि पावसाळ्यात वर्तमानपत्र रोज बदलावं, नाहीतर तिसऱ्या दिवशी पानं काळी पडतात. चिठ्ठीवर तारीख, जागा, पट्टा, उंची, फुलाचा ताजा रंग आणि गावातलं नाव लिहावं. वाळल्यावर रंग जातो, तो आठवणीवर सोडू नये. यादीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीसाठी द्यावी.

आता माघात नाल्याच्या वरच्या अंगाची वेडी बाभूळ घ्यायची आहे. त्या पट्ट्यासाठी मारवेलचं बी कमी पडतंय. ज्यांच्याकडे काळ्या मातीतलं, गेल्या कार्तिकातलं बी असेल त्यांनी बदल्यात पवन्या न्यावं.