संघाचं सभासदत्व आणि तो जावक क्रमांक

मागच्या महिन्यात एकदाचं आमच्या ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या संघाचं सभासदत्व मिळालं. संघाचं नाव लिहीत नाही, पण मुंबईतल्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करणाऱ्या कुणाला फॉर्म भरायचा असेल तर माझ्यासारखे चार हेलपाटे पडू नयेत म्हणून लिहितेय.

मी लालबागच्या एका 'ब' वर्ग (हा सरकारी अनुदानासाठीचा दर्जा) ग्रंथालयात देवघेव काउंटरला आहे, नऊ वर्षं झाली. फॉर्म एक पानी, आधारची झेरॉक्स, फी, यात काहीच त्रास नाही. गाडी अडली ती अनुभवाच्या दाखल्यावर.

संघाचं ऑफिस मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी पाच ते सात. आता पाच ते सात म्हणजे आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी, कामावरून सुटलेले लोक पुस्तक बदलायला येतात, आजीआजोबा मासिकं घ्यायला येतात, काउंटर सोडून निघायचं कसं? ग्रंथालयवाल्यांचाच संघ आणि ग्रंथालयवाल्यांनाच जमणार नाही अशी वेळ, याचा मला अजून राग येतो. शिपाईदादांना काउंटरला बसवून पहिल्यांदा गेले. तिथल्या काकांनी दाखला चष्म्याजवळ नेला, वर खाली बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, जावक क्रमांक कुठाय?" म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्राचा नोंदवहीतला नंबर. लेटरहेड होतं, सही होती, गोल शिक्का होता, जावक क्रमांकाची जागा तेवढी कोरी.

दाखल्यावर सही करणारे आमच्या ग्रंथालयाचे सचिव फक्त शनिवारी येतात. म्हणजे आठवडा गेला. क्रमांक टाकून घेतला, परत गेले, तर पदाच्या जागी नुसतं 'कर्मचारी' आहे, 'निर्गम सहायक' (म्हणजे पुस्तकांची देवघेव बघणारा) लिहून आणा. पुन्हा शनिवार. घाईत तारखेत खाडाखोड झाली होती, तिसऱ्यांदा ते चाललं नाही. अहो, पहिल्याच दिवशी तिन्ही गोष्टी एका कागदावर लिहून दिल्या असत्या तर! दर 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आपण भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो, त्यांनी 1931 साली सांगितलेल्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र 'वाचकाचा वेळ वाचवा' असं आहे. काउंटरवरच्या माणसाचा वेळही वाचवायला हवा ना.

तरी मी सोडलं नाही, कारण एकटीदुकटीचं कोण ऐकतं. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे सरकारी अनुदान मिळतं, त्यातूनच आमचे पगार निघतात, आणि ते किती तुटपुंजे ते आपल्याला माहीतच आहे. टाउन हॉलमधल्या राज्य सरकारच्या ग्रंथालय संचालनालयापर्यंत आपलं म्हणणं जायचं तर ते दहा जणांनी मिळूनच न्यायला पाहिजे.

चौथ्या खेपेला काकांनी दाखला फायलीला लावला आणि रजिस्टरमध्ये माझं नाव निळ्या शाईने लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. मी उभी राहून बघत होते. खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं.

दाखला टाइप करायच्या आधीच पद नक्की काय लिहायचं ते संघाला फोन करून विचारा, आणि सचिवांची सही घेताना जावक नोंदवही समोर ठेवा. फी रोख घेतात, जीपे नाही, पावती मागून घ्या. आणि हो, दोन फोटो लागतात, मागे नाव लिहून न्या.