पोस्टरवरचा बोगदा चुकतो कुठे

आजची नोंद भ्रमकारी द्रव्यं घेऊन डोळे मिटल्यावर दिसणाऱ्या आकारांबद्दल, आणि सायकेडेलिक पोस्टरवर ते काढताना होणाऱ्या चुकीबद्दल. भिंत श्वास घेतेय असं वाटणं, हलत्या हातामागे रेघ उरणं ही उघड्या डोळ्यांची तऱ्हा निराळी, ती इथे नको.

मानसशास्त्रज्ञ हाइनरिख क्ल्यूव्हरने १९२० च्या दशकात मेस्कलिन या निवडुंगातून मिळणाऱ्या भ्रमकारी द्रव्याच्या अमलाखाली दिसलेल्या दृश्यांची वर्णनं ताडून पाहिली. माणसं कितीही असोत, आकार चार गटांत बसले: जाळी किंवा मधाचं पोळं, कोळिष्टक, बोगदा, सर्पिल. एलएसडी या दुसऱ्या भ्रमकारी द्रव्यातही तेच, अर्धशिशीच्या आधीही कधीकधी तसंच. तेव्हा नक्षीचं मूळ मेस्कलिनमध्ये शोधून उपयोग नाही.

बार्ड एर्मेंट्राउट आणि जॅक कोवन या गणितज्ञांनी १९७९ मध्ये याचं गणित मांडलं. डोळ्यातलं चित्र मेंदूच्या मागच्या भागातल्या दृष्टीकेंद्रात उतरतं ते ताणलं जाऊन. नजरेच्या मध्याला तिथे ऐसपैस जागा, कडेला चिमूटभर. एका अक्षावर मध्यापासूनच्या अंतराचा लॉगॅरिदम, दुसऱ्यावर कोन. शेजारच्या पेशींना चेतवणं आणि जरा लांबच्यांना दाबणं यांचा तोल ढळला की त्या पृष्ठभागावर आपसूक समांतर पट्टे उठतात, असा हा सिद्धांत. एलएसडी आणि सायलोसायबिन (भ्रमकारी अळंबीतलं द्रव्य) मुख्यतः मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप्या रसायनाच्या २ए ग्राहींवर, म्हणजे पेशीवर ते जिथे चिकटतं त्या जागांवर, काम करतात, तोल तिथून ढळत असावा.

हे कागदावर उतरवता येतं. आलेखावर अंतराचा अक्ष आडवा धरा आणि समान अंतरावर उभे पट्टे आखा. डोळ्याच्या नकाशात त्यांची एकात एक वर्तुळं होतात, पण प्रत्येक त्रिज्या आधीच्या दीडपट घ्यायची: २, ३, ४.५, ६.७५, १०.१ सेंमी. झाला बोगदा! आडव्या पट्ट्यांचे किरण होतात, तिरक्यांचं सर्पिल. षट्कोनी जाळी घेतली तर मध्याला बारीक आणि कडेला मोठी घरं असलेलं पोळं मिळतं. पोस्टरवाले नेमके इथे चुकतात. त्यांची घरं कडेपर्यंत एकाच मापाची, बाथरूमच्या फरशीसारखी. अगदी मधली जागा मात्र मोकळी सोडा; त्रिज्या शून्याकडे गेली की लॉगॅरिदम ऋण अनंताकडे पळतो आणि सूत्र कोलमडतं.

काहीही न घेता, मिटल्या पापण्यांवर सेकंदाला दहाएक वेळा लखलखणारा दिवा धरला तरी असे आकार उमटतात. ज्यांना किंवा ज्यांच्या घरात कुणाला फिट्स येतात त्यांनी या वाटेला जाऊ नये. सेकंदाला १५ ते २५ लखलखाट सर्वांत धोक्याचे. आणि पदार्थाचा अंमल उतरून कित्येक आठवडे झाले तरी ठिपके, रेघा दिसतच असतील, तर आधी डोळ्यांचा डॉक्टर, मग मानसोपचारतज्ज्ञ. तिथे काय घेतलं होतं ते लपवायचं नाही.