टिश्यू पेपरसाठी साडेतीन आठवडे

एम.फार्म.च्या प्रयोगाचा फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, भरला, एथिक्स कमिटीपुढे उभी राहिले, कमिटीवरच्या नॉमिनींच्या, म्हणजे सरकारने नेमलेल्या सदस्यांच्या, सांगण्यावरून गटामागे दोन उंदीर कमी केले, मंजुरी मिळाली. अडलं ते टिश्यू पेपरवर.

आमचं कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यात. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी स्विस अल्बिनो उंदीर आले. भिंतींना ओल, म्हणून अ‍ॅनिमल हाउसचा एसी अखंड चालू, काटा २२ वर. आपल्याला बरं वाटतं, पण या उंदरांना ३० अंशांच्या आसपासची ऊब लागते. घरटं करायला काही मिळालं की ते आपली सोय आपण करतात. म्हणून अर्जातच लिहिलं होतं : पिंजऱ्यागणिक साधा, बिनवासाचा टिश्यू आणि पुठ्ठ्याची नळी.

खरेदी विभागात फाइल गेली ती बसलीच. "उंदरांना टिश्यू? कुठल्या हेडमध्ये टाकू?" तीन कोटेशनं आणली. मग शेरा आला, 'स्वच्छतागृहाचं सामान संशोधनात बसत नाही.' पुन्हा पत्र. सहीवाले सर रजेवर. मग गणपती, ऑफिसला कुलूप. सहाशे रुपयांच्या आतलं बिल! तिकडे उंदीर कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेले. त्यांचं वजनही वाढत होतं, आणखी आठवडा गेला असता तर ते माझ्या प्रयोगाच्या मर्यादेबाहेर गेले असते. अ‍ॅनिमल हाउस सांभाळणारे काका म्हणाले, "पेंढा आणू घरून?" पावसाळ्यातला पेंढा, बुरशीची भीती. नाही म्हणताना वाईट वाटलं.

गौरी गेल्यावर मंजूर अर्जाचं ते पान, ओळ अधोरेखित करून, फाइलला जोडलं. दुपारी सही झाली. ही झेरॉक्स पहिल्याच दिवशी जोडा आणि बजेटमध्ये याची वेगळी ओळ ठेवा.

नळीचं सांगायचं राहिलंच. उंदराला शेपटीला धरून उचलू नका, नळीतून उचला. शेपटीने उचलल्यावर तो जास्त घाबरतो, हे लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्येच दाखवलंय.

पहिल्या रात्री टिश्यू टाकला. सकाळी पाहिलं तर एकेक पट्टी फाडून केलेला गोळा आणि त्यातून डोकावणारे गुलाबी कान. मी तिथेच बसून राहिले.

पुढे दहाव्या दिवशी काकांनी हाक मारली, "ताई, चार नंबरचं घर झालेलं नाय." घरटं न करणं ही आजाराची खूण; एरवी त्या पिंजऱ्यातला उंदीर आजारी आहे हे मला संध्याकाळपर्यंत कळलं नसतं. केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले. अर्जात लिहिलेल्या एंडपॉइंटप्रमाणे, म्हणजे प्राण्याचा त्रास कुठे थांबवायचा त्या मर्यादेप्रमाणे, त्याच सकाळी आम्ही त्याला प्रयोगातून बाहेर काढलं.