तुम्ही विचारलंत म्हणून : डब्यात पीठ किती?

"बाई, खरं सांगा, बक्षिसं मिळालेले ते जुने सिनेमे तुम्हाला मनापासून आवडतात, की आवडतात असं म्हणावं लागतं?"

हे मला जुने विद्यार्थी विचारतात, भाची विचारते, परवा लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनीही विचारलं. तालुक्याच्या गावी मी तीस वर्षं मराठी शिकवलं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळा सुटली की हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावून मुलांना सिनेमा दाखवायची, म्हणून हा प्रश्न माझ्याकडेच येतो. विचारणाऱ्याच्या सुरात थोडा संशयही असतो. तो मला रास्त वाटतो, कारण कंटाळा आला तरी मान डोलावणारी माणसं मीही पाहिली आहेत.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सगळे आवडत नाहीत. जे आवडतात ते मात्र घरातल्या माणसांसारखे आवडतात आणि त्याचं कारण बक्षिसाच्या फार आधीचं आहे.

मी माणदेशातली. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापताना चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे व्हायचे. शाळेत सुकडी मिळायची, ती आम्ही खिशात भरून घरी आणायचो. संध्याकाळी आई पिठाच्या डब्यात वाटी घालायची. पीठ असलं की आवाज यायचा नाही. तळ लागला की पत्र्यावर वाटी घासल्याचा एक खर्रकन आवाज यायचा आणि आम्ही तिघं भावंडं एकदम गप्प व्हायचो. कोणी कोणाला काही सांगायचं नाही.

तो आवाज ज्या सिनेमात ऐकू येतो तो मला आवडतो. माझी कसोटी एवढीच आहे. घरातल्या डब्यात पीठ किती उरलंय हे सिनेमा करणाऱ्याला ठाऊक आहे का, एवढं मी बघते.

'संत तुकाराम' मी पहिल्यांदा पाहिला तो जत्रेत, तंबूत, बायकांच्या बाजूला आईच्या मांडीला टेकून. प्रभातचा सिनेमा, १९३६ चा, दामले आणि फत्तेलाल यांचा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची निवड झाली आणि मुंबईत एकाच थिएटरात तो ५७ आठवडे चालला, हे मला पुढे कॉलेजात कळलं. तंबूतल्या बायकांना व्हेनिस माहीत नव्हतं. त्यांना आवली माहीत होती. मूल आजारी, औषधाला पैसा नाही, नवरा भजनात. तेव्हा आवली एका हाताने पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात वहाण घेऊन थेट देवळात शिरते, विठोबाला बडवायला. तंबूतल्या बायका आधी खळखळून हसल्या. मग हसू विरलं आणि माझ्या मागे कोणीतरी नाक ओढलं. आई हसलीही नाही, रडलीही नाही. ती पडद्याकडे बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

आवलीचं काम करणाऱ्या गौरी मूळच्या नटी नव्हत्या. त्या प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामाला लागल्या होत्या. मला हे कळलं तेव्हा त्यांच्या चालण्यातला, कमरेला पदर खोचण्यातला, वाकून उठण्यातला खरेपणा कुठून आला ते उमजलं. विष्णुपंत पागनीस तुकोबा म्हणून थोरच आहेत. रंगभूमीवर स्त्री भूमिका केलेल्या या नटाच्या चेहऱ्यावर जी कोवळीक आहे ती पुढच्या कुठल्याच तुकारामाला साधली नाही, असं माझं ठाम मत आहे. पण हा सिनेमा उभा आहे तो आवलीवर. तुकोबांच्या अभंगातच आहे, दुष्काळात त्यांची एक बायको अन्न अन्न करत गेली. ज्या घराने ते पाहिलं, त्या घरातली दुसरी बायको धान्य वाटून टाकणाऱ्या नवऱ्यावर ओरडणारच. सिनेमा तिला कजाग म्हणून सोडून देत नाही. शेवटी तुकोबा तिला वैकुंठाला चल म्हणतात, तेव्हा ती पोरांचं आणि घरचं काम टाकून जात नाही. वैकुंठ दाराशी आलेलं असताना पोरांच्या जेवणाची काळजी करणारी बाई! इतका मोठा शेवट मराठी सिनेमात मी दुसरा पाहिलेला नाही.

याच सिनेमातलं 'आधी बीज एकले' हे गाणं पुष्कळांना तुकोबांचा अभंग वाटतं. ते शांताराम आठवल्यांनी लिहिलं आहे. वर्गात हे सांगितलं की मुलं दरवर्षी अवाक व्हायची, आणि मला दरवर्षी नव्याने आनंद व्हायचा. व्हेनिसचं ते मानपत्र मात्र मधल्या काळात गहाळ झालं होतं. ते पुण्यात लॉ कॉलेज रोडवर कचऱ्याच्या ढिगात सापडलं आणि २००४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात परत आलं. हे वाचून मी त्या रात्री जेवले नव्हते. आपण आपल्या वस्तू अशा सांभाळतो.

'श्यामची आई' बद्दल लोक मला भीतभीत विचारतात, कारण मराठीच्या बाईंसमोर त्याला काही बोललेलं चालणार नाही असं त्यांना वाटतं. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा, पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला. मला त्यातला उपदेश जागोजागी जड होतो, हे मी वर्गातही सांगत आले. पण कर्जापायी पायरी पायरी खाली येणारं घर वनमालाबाईंच्या चेहऱ्यावर दिसतं. ग्वाल्हेरच्या घरंदाज कुटुंबातली, हिंदीतली देखणी नायिका, आणि ती कोकणातल्या गरीब ब्राह्मणाच्या घरात इतकी सहज मिसळली आहे की तिच्यासाठी मी तो पुन्हा पुन्हा बघते.

आता 'पथेर पांचाली'. याच्याबद्दल लिहायला बसले की हात लवकर थांबत नाही.

सत्यजित राय यांनी तो करायला घेतला तेव्हा हाताशी पैसा नव्हता. विम्याची पॉलिसी गेली, बायकोचे दागिने गहाण पडले, चित्रीकरण महिनोन् महिने बंद राहिलं. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले, तेही रस्तेबांधणीच्या खात्यातून. कॅमेरा हाताळणारे सुब्रत मित्र यांनी त्याआधी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. गहाणखतावर उभा राहिलेला हा सिनेमा १९५५ साली आला आणि पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला 'उत्कृष्ट मानवी दस्तऐवज' म्हणून गौरवलं गेलं. मला हे बक्षिसाचं नाव आवडतं. घरच्या वहीत हिशोब लिहितात तसाच हा सिनेमा लिहिलेला आहे.

खेड्यातल्या गरीब घरातली आई सर्बजया. तिच्या स्वयंपाकघरात नात्यातली म्हातारी इंदिर ठाकरुण येते आणि चिमूटभर काहीतरी उचलून नेते. सर्बजया तिला टोचून बोलते. वाईट बाई आहे का ती? नाही. तिला डब्याचा तळ दिसतोय. पुढे म्हातारी आजारी होऊन परत येते, राहू दे म्हणते, आणि सर्बजया नाही म्हणते. म्हातारी पाणी पिते, भांड्यात उरलेलं थोडं पाणी अंगणातल्या रोपट्याला घालते आणि निघून जाते. थोड्या वेळाने पोरांना ती बांबूच्या बनात मेलेली सापडते. मी हा प्रसंग पन्नासएक वेळा पाहिला असेन. दर वेळी त्या रोपट्याला पाणी घालणाऱ्या हातापाशी माझा घसा दाटतो. ऐंशीच्या घरातल्या चुनीबाला देवींनी हे काम केलं आहे.

आणि मग सर्बजयाचा नवरा हरिहर घरी येतो. बाहेरगावाहून कमवून आलाय, आनंदात आहे. एकेक वस्तू काढून दाखवतो. पोळपाट-लाटणं, लक्ष्मीची तसबीर, मग लेकीसाठी, दुर्गासाठी आणलेली साडी. दुर्गा गेलेली आहे हे त्याला माहीत नाही. सर्बजया ती साडी तोंडात दाबते आणि रडते, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्याजागी तारशहनाई या तंतुवाद्याचा वरचा सूर ऐकू येतो. माझ्या वर्गातली मुलं मुळात बंगाली कळत नाही म्हणून कुरकुरत बसलेली असायची. खालची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता यायची नाहीत, म्हणून मी पडद्याशेजारी उभी राहून मराठीत सांगत असायचे. या प्रसंगाला मी काही सांगायचे नाही. लागायचंच नाही. पोळपाट-लाटणं बाहेर आलं की पुढच्या रांगेतल्या मुली श्वास रोखायच्या.

काही सिनेमे मला परकेच राहिले. 'बेन-हर' ला ११ ऑस्कर मिळाली. त्यातली रथांची शर्यत मी अजूनही श्वास रोखून पाहते, बाकीचे तीन तास माझ्यापर्यंत पोचत नाहीत. त्यात वावगं काही नाही. तुम्हाला तो आवडत असेल तर आवडूच द्या.

'दो आँखें बारह हाथ' चं माझं जरा वेगळं आहे, कारण ती गोष्ट आमच्या दारातली. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत काढली. खुनाची शिक्षा भोगणारे कैदी तिथे भिंतीशिवाय राहायचे, शेती करायचे, बायकापोरांना आणून संसार करायचे. माझं आजोळ त्याच भागातलं. ही गोष्ट ग. दि. माडगूळकरांनी लिहिली, तेही आमच्याच मातीतले. व्ही. शांतारामांनी १९५७ साली सिनेमा केला आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला 'रुपेरी अस्वल' हा पुरस्कार मिळाला. सहा खुनी माणसं खडकाळ जमीन फोडतात, भाजी पिकवतात, बाजारात रास्त भावाने विकतात आणि त्यामुळे दलालांचं पित्त खवळतं, इथपर्यंत मी त्या सिनेमाची आहे. माणदेशात जमिनीतून भाजी काढायची म्हणजे काय असतं ते त्यात दिसतं. पुढे बैलाची झुंज येते. त्या चित्रीकरणात शांतारामांच्या डोळ्याला मोठी इजा झाली, त्यांच्या धाडसाला माझा नमस्कार आहे. पण मला तिथे भाजीच्या टोपल्यांचं काय झालं याची चिंता लागलेली असते, आणि सिनेमा मात्र जेलरच्या हौतात्म्याकडे निघून गेलेला असतो. खेळणी विकणारी संध्याही मला त्या माळरानावरची वाटत नाही.

'राशोमोन' मला दोनदा आवडला नाही. जपानच्या कुरोसावांचा, १९५० चा. पुढच्या वर्षी व्हेनिसला त्याला 'सुवर्णसिंह' हा पुरस्कार मिळाला. एक खून आणि चार जणांच्या चार हकिकती. सत्य काय यावर लोक तासन् तास बोलतात, मी नुसती ऐकत असायचे. तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा शेवट दिसला. धो धो पावसात पडक्या वेशीखाली कोणीतरी तान्हं मूल टाकून गेलंय. लाकूडतोड्या ते उचलून घेतो आणि म्हणतो, माझी सहा आहेत, एकाने काही जास्त जड होणार नाही. बस. आमच्या आजीच्या तोंडचं वाक्य होतं हे. दुष्काळात शेजारची आई वारली तेव्हा तिने तिच्या पोरीला आमच्या ताटात बसवलं होतं. त्या दिवसापासून 'राशोमोन' माझा झाला.

राहिला 'बायसिकल थीव्ज'. इटलीच्या डी सिकांचा, १९४८ चा. त्याला विशेष ऑस्कर मिळालं. रायबाबूंनी तो लंडनमध्ये पाहिला आणि आपलाही सिनेमा असाच करायचा हे तिथे पक्कं केलं. रोममधल्या एका बेकाराला भिंतीवर जाहिराती चिकटवायचं काम मिळतं, पण सायकल असेल तरच. सायकल गहाण पडलेली. बायको मारिया फार काही बोलत नाही, पलंगावरच्या चादरी ओढून काढते, धुते आणि गहाण टाकायला नेते. दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन मांडणीवर चढतो. वर वर चढतच जातो. मांडणी छतापर्यंत गेलेली आणि प्रत्येक खणात दुसऱ्या कुणाच्या तरी घरच्या चादरी. नायकाचं काम करणारा लांबेर्तो माजोरानी हा खरोखरच कारखान्यातला कामगार होता.

माझ्या बीएडच्या फीसाठी आईने पाटल्या मोडल्या होत्या. सराफाने त्या तराजूत टाकल्या तेव्हा आई तराजूकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी होती. मारिया चादरी ओढते तेव्हा मला ते कॅलेंडर दिसतं.

हा सिनेमा आम्ही सातवीला दाखवला तेव्हा शाळेचा पडदा फाटलेला होता. घरून पांढरी चादर आणून मी ती दोन खांबांना बांधली. वाऱ्याने ती मधेच फुगायची आणि रोमच्या रस्त्यांना लाटा यायच्या. सिनेमा संपला, दिवे लागले, पोरं कपडे झटकत उठली. ऊसतोड कामगारांच्या वस्तीवरचा एक मुलगा, वर्षातले सहा महिने शाळेत नसायचा, तो जागचा हलला नाही. मला वाटलं तो सायकल मिळाली का म्हणून विचारेल, कारण सगळी मुलं तेच विचारतात.

तो म्हणाला, "बाई, मग रात्री ते झोपले कशावर?"

मी म्हटलं, सिनेमातली बाई तेच तर म्हणते, चादरीशिवायपण झोप येते. त्याने मान हलवली, त्याला ते माहीत होतं. मग आम्ही दोघांनी मिळून खांबावरची चादर सोडली आणि तिच्या घड्या घातल्या.