तुम्ही विचारलंत म्हणून: केस न गळणारा कुत्रा

‘तुमच्या शित्झूचे केस गळत नाहीत म्हणे, मग आम्हीही तसाच कुत्रा आणावा का?’ हा प्रश्न मला सोसायटीतली माणसे आणि नातेवाईक नेहमी विचारतात. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा कोणाच्या तरी सोफ्यावर पसरलेले लॅब्रॅडॉरचे केस असतात, आणि त्या मानाने आमचे घर खरोखरच स्वच्छ दिसते. मात्र केस गळत नाहीत, हे अर्धेच खरे आहे.

कुत्र्याचा प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग त्याची वाढ थांबते आणि कालांतराने तो गळतो. लॅब्रॅडॉरमध्ये वाढीचा हा टप्पा लहान असल्यामुळे केस ठरावीक लांबीचेच राहतात आणि बारमाही गळतात. शित्झू, पूडल किंवा माल्टीज यांच्यात तो टप्पा लांबतो, म्हणून केस वाढत राहतात आणि गळतात ते थोडे. शिवाय जे गळतात तेही जमिनीवर न पडता शेजारच्या लांब केसांत अडकून बसतात. लॅब्रॅडॉरवाल्यांच्या हातात केरसुणी असते आणि आमच्या हातात कंगवा, इतकाच काय तो फरक.

अडकलेले हे केस वेळीच काढले नाहीत तर त्यांच्या जटा होतात, आणि त्याही कानामागे, काखेत, मांडीच्या आतल्या बाजूला, गळ्यातल्या पट्ट्याखाली, म्हणजे जिथे सतत घासले जाते तिथे आधी. जट कातडीला ओढत राहते, तिच्याखाली हवा पोहोचत नाही आणि कुत्रा चालताना दुखते. आमची बुंदी वर्षाची होत आली आणि तिचे पिल्लपणीचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येऊ लागले, तेव्हा सकाळी विंचरलेल्या जागी संध्याकाळी पुन्हा गुंता दिसे. वरवर ब्रश फिरवला की कुत्रा देखणा दिसतो, पण खाली गाठी तशाच राहतात. म्हणून केसांचा एकेक थर वर उचलून, स्टीलचा कंगवा कातडीपर्यंत जाऊन विनाअडथळा बाहेर येतो का, हे पाहावे लागते. गाठ सापडलीच तर ती मुळाशी चिमटीत धरून बोटांनी हळूहळू सोडवावी. कात्री चालवू नये, कारण जटेबरोबर कातडीही वर ओढली गेलेली असते आणि ती सहज कापली जाते. आंघोळ विंचरून झाल्यावरच घालावी, कारण पाण्याने गुंता आवळतो.

आमच्या ठाण्यातल्या पावसाळ्यात तर पोटाचे आणि पंजांचे केस प्रत्येक फेरीनंतर भिजलेले असतात. ते टॉवेलने न चोळता टिपून घेऊन ड्रायरने मुळापर्यंत सुकवावे लागतात, नाहीतर वास येतो आणि कातडीला खाज सुटते. म्हणून जून लागण्यापूर्वी आम्ही बुंदीचे केस आखूड करून घेतो. जमिनीपर्यंत लोळणारे केस प्रदर्शनातल्या कुत्र्यांनाच शोभतात, असे माझे मत आहे.

आता अ‍ॅलर्जीविषयी, कारण बहुतेकांच्या प्रश्नामागे तेच असते. अ‍ॅलर्जी केसांची नसून कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अ‍ॅलर्जी न करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत यांपैकी एक प्रमुख प्रथिन इतर जातींपेक्षा कमी नव्हे, उलट अधिक आढळले. घरात कोणाला दमा असेल तर डॉक्टरांना विचारावे आणि पिल्लाचे पैसे देण्यापूर्वी त्या व्यक्तीला त्याच जातीच्या कुत्र्याच्या सहवासात वेगवेगळ्या दिवशी काही तास बसवून पाहावे. आमच्याकडे आलात तरी चालेल.

ज्या घरातली सगळी माणसे संध्याकाळी थकून परततात, त्यांना मी आखूड केसांचा देशी कुत्रा सुचवते. त्याचे केस गळतात, पण त्याला रबरी ब्रश आणि घराला झाडू पुरतो.